दार लावून बोलण्याची गोष्ट

गेल्या महिन्यांत या ‘घरोघरीं’ सदराच्या नांवें जीं पत्रें आलीं, त्यांत एका भगिनीचें पत्र होतें. पत्र लहान होतें. परंतु तें लिहितांना लेखणी पुष्कळ वेळां थांबली असावी, असें अक्षरावरून दिसत होतें. त्या लिहितात : “माझी मुलगी सासरीं असते. गेले चार महिने तिचें मन ठिकाणावर नाहीं. जांवई म्हणतात, हल्लीं मोबाईलवर व्हिडिओ कॉल करून मानसोपचार करतात, तसें करूं. माझे यजमान म्हणतात, नाडीवर हात न ठेवतां कसला उपचार ? आपलें मत काय, तें कळवावें.”

हा प्रश्न मला वर्षापूर्वीं कोणीं विचारला असता, तर मीं त्या यजमानांचीच बाजू घेतली असती. आज तसें करवत नाहीं. मधल्या काळांत हाच प्रश्न आमच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, आणि त्याचें उत्तर शोधतांना माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक मी येथें लिहिणार आहें. सूनबाईची अनुमति घेतली आहे. तिनें हा मजकूर वाचून दोन वाक्यें खोडलीं. तीं मीं निमूटपणें गाळलीं.

आमचें घर सांगलीचें. घरांत माणसें नऊ : नव्वदीच्या घरांतल्या सासूबाई, आम्ही उभयतां, धाकटे दीर व जाऊबाई, त्यांची कॉलेजांत शिकणारी मुलगी, माझा मुलगा, सूनबाई आणि तिचें बाळ. गेल्या वर्षीं श्रावणांत सूनबाई माहेरीं बाळंत झाली व दिवाळीनंतर बाळास घेऊन घरीं आली. बाळ गुटगुटीत होतें. आई मात्र निराळीच झाली होती. बाळाचें न्हाणें, पाजणें, निजविणें सर्व ती वेळच्या वेळीं करी. पण एखाद्या कचेरींतलें काम उरकावें तसें. पानावर बसली तर दोन घांस खाऊन उठे. बाळ झोपलें तरी हिला झोप येत नसे. एकदां ती माझ्या मुलास म्हणाली, “याला दुसरी कोणी आई मिळाली असती तर याचें बरें झालें असतें.”

यावर घरांतील प्रत्येकानें आपापल्या बुद्धीप्रमाणें निदान केलें. सासूबाई म्हणाल्या, “ओल्या बाळंतिणीला वारा लागला.” जाऊबाईंनीं मीठ-मोहऱ्या ओंवाळून टाकल्या. मीं काय केलें, तें सांगण्यास लाज वाटते. मीं मनांत म्हटलें, आमच्या वेळीं असें नव्हतें. हें सगळें लाडाचें आहे.

शेवटीं बाळाला लस टोचण्यास नेलें, तेव्हां बालरोगतज्ज्ञ बाईंनीं बाळाच्या आधीं आईकडे पाहिलें. त्यांनीं तिला तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांकडे धाडलें. तेथें दोन गोष्टी झाल्या. पहिली, रक्त तपासून हिमोग्लोबिन व थायरॉइड पाहिलें. कारण पांडुरोग किंवा थायरॉइडचा बिघाड यांमुळेंहि बाळंतपणानंतर असाच थकवा व उदासपणा येतो. दुसरी, दहा प्रश्नांचा एक कागद तिला भरावयास दिला. हा कागद एडिंबरो येथें तयार झाला असून १९८७ सालापासून जगभर वापरांत आहे. त्यावरून सूतिकावस्थेंतील नैराश्याचा संशय दृढ झाला. अशा बायका थोड्या आहेत असें कोणी समजूं नये. भारतांतील अनेक पाहण्यांचा एकत्र आढावा घेणारा एक लेख जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेंत २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत हें प्रमाण शेंकडा २२ च्या सुमारास दिलें आहे. म्हणजे पांच बाळंतिणींत एक. ‘आमच्या वेळीं असें नव्हतें’ हें माझें म्हणणें त्या दिवशीं मीं मनांतल्या मनांत परत घेतलें. आमच्या वेळींहि तें असलेंच पाहिजे. आम्ही त्याला नांव देत नव्हतों, इतकेंच.

मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनीं तिला प्रत्यक्ष तपासलें, अंगावर पाजणाऱ्या आईला चालेल असें औषध थोड्या प्रमाणांत दिलें, आणि सांगितलें, “औषधाबरोबर दर आठवड्यास शांतपणें बोलण्याचा उपचारहि हवा. पुण्यास एक मानसशास्त्रज्ञ बाई आहेत. त्या व्हिडिओवर भेटतात.” पुणें आमच्यापासून सव्वादोनशें किलोमीटरांहून अधिक दूर. अंगावर पिणारें मूल घेऊन दर आठवड्यास कोण जाणार ? म्हणून हा मार्ग घ्यावा कीं नाहीं, याचा खल रात्रीं जेवणानंतर माजघरांत सुरू झाला.

त्या खलांतून व पुढच्या अनुभवांतून मला असें दिसून आलें कीं, या प्रश्नाला ‘चांगला’ किंवा ‘वाईट’ असें एक उत्तर नाहीं. तीन पोटप्रश्न आधीं विचारावे लागतात. आजार कोणता ? समोरचा तज्ज्ञ कोण ? आणि आपलें घर कसें ? पहिल्या दोहोंचा विचार बहुतेक सुशिक्षित घरांत होतो. तिसरा कोणी विचारीत नाहीं, आणि आमचें गाडें तेथेंच अडलें.

पहिला प्रश्न आजाराचा. दूर राहून मनाचा उपचार करणें ही कांहीं आजचीच टूम नव्हे. सिग्मंड फ्रॉइड यांनीं १९०९ सालीं घोड्यांना भिणाऱ्या एका पांच वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. त्या मुलावरील जवळजवळ सर्व उपचार त्याच्या वडिलांनीं केले व ते फ्रॉइडना टिपणें पाठवून कळवीत गेले. उपचाराच्या काळांत फ्रॉइडनीं मुलास एकदांच पाहिलें. १९५९ सालीं अमेरिकेंतील नेब्रास्का येथें दुहेरी दूरचित्रवाणी लावून मानसोपचार करण्याचा प्रयोग झाला. पुढें २०२० च्या महामारीनें सर्वांचीच दारें बंद केलीं, तेव्हां हा मार्ग घरोघरीं पोहोंचला. त्याच वर्षीं २५ मार्च रोजीं आपल्या केंद्र सरकारनें डॉक्टरांनीं दुरून उपचार कसे करावे याचे नियम प्रसिद्ध केले. चिंता, भीति, सौम्य किंवा मध्यम नैराश्य, शोक, नवराबायकोंतील बेबनाव, बाळंतपणानंतरची उदासी, अशा दुखण्यांत विचार व वर्तन यांची घडी बसविणारा जो बोलण्याचा उपचार असतो, तो व्हिडिओवर केला तरी प्रत्यक्षाच्या जवळपास गुण देतो, असा अनेक अभ्यासांचा निष्कर्ष आहे. नाडीवर हात ठेवणें हा या उपचाराचा भागच नसतो. ऐकणें आणि विचारणें हाच असतो. तेव्हां पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या यजमानांची शंका या मर्यादेपुरती फिटण्यास हरकत नाहीं.

मात्र ही मर्यादा नीट ध्यानांत धरली पाहिजे. ज्यास नसलेले आवाज ऐकूं येतात, जो भलत्याच गोष्टी खऱ्या मानून चालतो, रात्रीमागून रात्री न झोपतांहि ज्याला थकवा म्हणून वाटत नाहीं, जो जीव देण्याची भाषा करतो, ज्याचें दारूचें व्यसन सुटतांना हातपाय कांपतात, ज्यानें अन्न टाकून शरीराची काडी केली आहे, त्याला मोबाईलसमोर बसवूं नये. त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें. बाळंतिणींत तर विशेष सावध असावें. हजारांत एक-दोघींना बाळंतपणानंतरच्या पहिल्या कांहीं आठवड्यांत खरा मतिभ्रम होतो. बाळाविषयीं विचित्र कल्पना बोलून दाखविणें, स्वतःस वा बाळास इजा करण्याचे विचार येणें, हीं त्याचीं लक्षणें. तेथें एका तासाचाहि उशीर करूं नये.

याचें प्रत्यक्ष उदाहरण आमच्या आळींतच घडलें. आमच्या सूनबाईस गुण येतो असें पाहून शेजारच्या वाड्यांतील एका गृहस्थांनीं आपल्या वीस वर्षांच्या मुलासाठीं तोच उपाय योजला. तो मुलगा झोपत नव्हता, आणि माझे विचार समोरच्या घरांतल्या लोकांना ऐकूं जातात, असें म्हणत होता. पुण्याच्या बाईंनीं त्याच्याशीं पाव तास बोलून वडिलांना बोलावून घेतलें व स्पष्ट सांगितलें, “हें काम माझें नव्हे आणि व्हिडिओचेंहि नव्हे. आज संध्याकाळच्या आंत यांना मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.” गृहस्थ आधीं रागावले, पण गेले. आज तो मुलगा औषधावर आहे व पुन्हां अभ्यासाला बसतो. माझी त्या बाईंवरील श्रद्धा वाढली ती त्या दिवसापासून. नाहीं म्हणावयाचें कोठें, हें ज्याला कळतें, त्याच्या हातीं आपलें माणूस निर्धास्तपणें द्यावें.

येथून दुसऱ्या प्रश्नाकडे येतें : समोरचा तज्ज्ञ कोण ? या क्षेत्रांत नांवांचा घोटाळा फार. मानसोपचारतज्ज्ञ हा आधीं एम्.बी.बी.एस्. झालेला व पुढें मनोविकारांचें शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो. वैद्यक परिषदेंत त्याची नोंद असते, आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्याचा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ हा औषध देत नाहीं. चाचण्या घेतो व बोलण्याचा उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहींत असते. समुपदेशक या शब्दाखालीं मात्र उत्तम पदवीधर आणि चार दिवसांचा वर्ग केलेले, असे दोन्ही प्रकारचे लोक सांपडतात. म्हणून नोंदणी क्रमांक व शिक्षण विचारावें. विचारण्यांत उद्धटपणा नाहीं. खरा तज्ज्ञ तें आनंदानें सांगतो. जो सांगण्याचें टाळतो, त्याला आपणहि टाळावें. डॉक्टरांनासुद्धां कांहीं नियंत्रित औषधें दुरून लिहून देण्यास मनाई आहे, हेंहि माहीत असावें. म्हणजे ‘मोबाईलवर मिळेल तें सर्व औषध’ अशा जाहिरातींस आपण भुलणार नाहीं.

आमची पहिली उडी फसलीच होती. मुलानें घाईघाईनें एका ॲपवर पैसे भरले. तेथें समोर कोण आहे, त्याचें पुरतें नांवहि कळेना. सूनबाई लिही, आणि पांच-सहा तासांनीं ‘आपल्या भावना समजूं शकतो’ असें त्याच सांच्याचें उत्तर येई. तिसऱ्या दिवशीं तिनें तें बंद केलें. पुण्याच्या बाईंनीं पहिल्याच भेटींत उलट केलें. त्यांनीं आपलें शिक्षण सांगितलें, हिचा घरचा पत्ता व अडीअडचणीला बोलावतां येईल अशा एका घरच्या माणसाचा क्रमांक लिहून घेतला, मध्येंच इंटरनेट तुटलें तर काय करावयाचें तें ठरविलें, आणि आपण टिपणें कोठें ठेवतों व तीं कोण पाहूं शकतो, हें समजावून दिलें. हे चार मुद्दे ज्याच्यापाशीं नाहींत, त्याच्यापाशीं दुरून उपचार घेऊं नये, असें माझें ठाम मत झालें आहे.

टिपणांचा मुद्दा तर विशेषच महत्त्वाचा. फिनलंड देशांत एका मानसोपचार संस्थेच्या संगणकांतून हजारों रुग्णांचीं टिपणें चोरीस गेलीं, आणि २०२० सालीं चोरानें त्या रुग्णांनाच पत्रें धाडून, ‘पैसे द्या, नाहीं तर तुमचें बोलणें जगजाहीर करतों’ असें धमकावलें. ती संस्था रुग्णांना मुख्यतः आपल्या दवाखान्यांत भेटत असे. म्हणजे दोष व्हिडिओचा नव्हता, टिपणें निष्काळजीपणें ठेवण्याचा होता. अमेरिकेंत दुरून समुपदेशन करणाऱ्या एका मोठ्या कंपनीनें गुप्ततेचें वचन देऊनहि लोकांची माहिती जाहिरातीच्या कामासाठीं इतर कंपन्यांस पुरविली, असा ठपका तेथील व्यापार आयोगानें ठेवला व २०२३ सालीं तिला ७८ लक्ष डॉलर भरावयास लाविले. यास्तव कोणत्याहि ॲपवर पैसे भरण्यापूर्वीं, आपली माहिती कोणाकोणाला दिली जाईल, हें बारीक अक्षरांत लिहिलेलें असलें तरी चष्मा लावून वाचावें.

येथें यंत्राविषयींहि दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण माझी पुतणी म्हणाली, “मोठ्या आई, हल्लीं संगणकच उत्तर देतो. माणूस हवा कशाला ?” जोसेफ वायझेनबॉम या अमेरिकेंतील प्राध्यापकांनीं १९६६ सालीं ‘एलायझा’ नांवाचा संगणकाचा एक कार्यक्रम प्रसिद्ध केला. आपण लिहिलेलेंच वाक्य फिरवून तो प्रश्न विचारी. त्याला कळत कांहींच नसे. तरीहि प्राध्यापकांची स्वतःची चिटणीस बाई त्याच्याशीं थोडें ‘बोलल्या’वर त्यांना म्हणाली, आपण जरा खोलीबाहेर जातां का ? ही हकीगत त्यांनींच पुढें लिहून ठेवली आहे. आजचीं यंत्रें त्याहून फार हुशार आहेत, हें खरें. मन मोकळें करण्यास रात्रीं-अपरात्रीं तीं उपयोगीं पडत असतील. पण ज्याची जबाबदारी कोणी घेत नाहीं व जें घरच्या दाराशीं येऊन उभें राहूं शकत नाहीं, त्यावर खऱ्या दुखण्याचा भार टाकूं नये. मला मात्र या गोष्टींतून दुसरेंच कांहीं उमगलें. निर्जीव यंत्राशीं बोलतांनाहि त्या बाईला दार लावून हवें होतें. आमच्या घरांत सजीव तज्ज्ञाशीं बोलणाऱ्या सूनबाईला तें मिळालें नाहीं.

आतां माझ्या चुकीकडे येतें.

पहिल्या दोन भेटी माजघरालगतच्या खोलींत झाल्या. त्या खोलीच्या दाराला कडी आहे. पण दिवसां कडी लावण्याची आमच्या घरची रीत नाहीं. दार ओढून घेतलेलें होतें. मी माजघरांत वाती वळीत बसलें होतें. दुसरी जागा नव्हती असें नाहीं. खरें सांगावयाचें तर, मला तेथेंच बसावयाचें होतें. पुण्याच्या बाईंचें बोलणें सूनबाईच्या कानांत. पण सूनबाईचें बोलणें मला ऐकूं येत होतें. ती म्हणाली, “हो, खोलींत एकटीच आहें.” मग बराच वेळ कांहीं नाहीं. मग ती म्हणाली, “आई वाईट नाहींत. पण त्या घरांत असल्या कीं मला रडतां येत नाहीं.”

त्या रात्रीं पानें वाढतांना मीं सर्वांदेखत म्हटलें, “आमच्या घरांत रडण्याला कोणीं बंदी केली आहे बाई ?”

सूनबाईनें मान वर केली नाहीं. पुढच्या आठवड्यांत भेटीच्या वेळीं इंटरनेट नव्हतें. त्याच्या पुढच्या आठवड्यांत बाळ किरकिर करीत होतें. तिसऱ्या आठवड्यांत ती म्हणाली, “नको. कांहीं उपयोग होत नाहीं.” आणि घरांतील सर्वांनीं, यजमानांपासून जाऊबाईंपर्यंत, एकमुखानें निवाडा दिला : मोबाईलवरचा उपचार फुकट आहे. मीहि मान डोलावली. उपचार फसला नव्हता, घर फसलें होतें, हें एकट्या मला ठाऊक होतें, आणि मी गप्प बसलें.

त्या दिवसांत ती अधिकच खंगत चालली. शेवटीं न राहवून मीं पुण्याच्या बाईंना परस्पर दूरध्वनि केला आणि विचारलें, “आमची सून कशी आहे ? ती आपणांस काय सांगते ?” त्या अतिशय नम्रतेनें म्हणाल्या, “त्यांच्या संमतीवांचून मला कांहींच सांगतां येणार नाहीं.” मला तो अपमान वाटला. मी तिची सासू. पैसे आमच्या घरांतून जातात. आणि मलाच सांगावयाचें नाहीं? पुढें दिरांनीं, ते वकील आहेत, मला समजावून दिलें. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २३ व्या कलमानें रुग्णाला आपल्या मनाची गोष्ट गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. कोणाच्या जिवास धोका असणें, यासारखे थोडे अपवाद सोडले, तर तो हक्क सासूलाहि मोडतां येत नाहीं. फोन ठेवतांना त्या बाई मला इतकेंच म्हणाल्या होत्या, “एक गोष्ट मी कोणत्याहि घराला सांगतें. ज्या खोलींतलें बोलणें बाहेर जातें, तेथें मनुष्य मला जें सांगतो, तें घराला चालेल तेवढेंच सांगतो.”

मी माडीवर गेलें. सूनबाई बाळाचे कपडे घडी करीत होती. मीं तिला सांगितलें, “मीं ऐकलें होतें. ऐकावयास नको होतें. आणि जेवतांना बोलले तें तर मुळींच बोलावयास नको होतें. माझें चुकलें.” सुनेपुढें असें बोलण्याचा माझ्या आयुष्यांतला तो पहिला प्रसंग. ती कांहीं बोलली नाहीं. एक झबलें तिनें दोनदां घडी केलें.

मग व्यवस्था झाली ती अशी. माडीवरची खोली मोकळी केली. बुधवारीं चार ते पांच ही वेळ ठरली, आणि ती दिनदर्शिकेवर गणपतीच्या चतुर्थीसारखी लाल शाईनें लिहिली. त्या तासांत बाळ माझ्याकडे. त्याचें दूध आधीं काढून ठेवलेलें. माडीच्या जिन्याला कोणी पाय लावावयाचा नाहीं. पाहुणे आले तरी हांक मारावयाची नाहीं. दाराला आंतून कडी. भेट संपून ती खालीं आली कीं, ‘काय झालें ?’ असें कोणींहि विचारावयाचें नाहीं, चहा ठेवावयाचा. हा शेवटचा नियम पाळणें सर्वांत कठीण गेलें, आणि तो मोडण्याचा मोह सर्वांत अधिक मला झाला. सासूबाईंना प्रथम हें पटेना. “घरांत कडी लावून काय बोलायचें असतें ?” असें त्यांनीं विचारलें. दीर म्हणाले, “आई, तूं देवघरांत जपाला बसतेस तेव्हां आम्ही कोणी बोलतों का ?” त्यानंतर बुधवारीं जिन्याखालीं पहारा देण्याचें काम सासूबाईंनींच आपणहून पत्करलें.

सहाव्या-सातव्या भेटीनंतर सूनबाई पानावर पुरतें जेवूं लागली. बाळाशीं बोलतांना तिचा आवाज पालटला. हें सर्व केवळ व्हिडिओनें झालें असें मी म्हणणार नाहीं. मिरजेच्या डॉक्टरांचें औषध चालूच होतें व त्यांना ती मधून मधून प्रत्यक्ष भेटत होती. झोपेसाठीं माझा मुलगा रात्रीं बाळाकडे पाहूं लागला, तेंहि औषधच होतें. आतां भेटी पंधरवड्यानें होतात.

एखाद्या उपचाराला किती दिवस द्यावेत, असेंहि त्या भगिनी विचारतील. पुण्याच्या बाईंनीं आम्हांस सांगितलें होतें कीं, चार-पांच भेटींनंतर रुग्णानेंच स्वतःला विचारावें : मी यांच्यापाशीं खरें बोलूं शकतें का ? झोप, भूक, काम यांत तिळभर तरी फरक आहे का ? नसेल तर तसें तज्ज्ञालाच सांगावें. तो पद्धत बदलील, प्रत्यक्ष बोलावील किंवा दुसऱ्याकडे पाठवील. यांत कोणाचा अपमान नाहीं. चप्पल पायाला लागते कीं नाहीं, हें पायच सांगतो. मात्र निवाडा देण्यापूर्वीं घरच्यांनीं आपल्यापुरता एक प्रश्न विचारावा : आम्हीं हिला दार लावूं दिलें का ?

आणि जेथें तशी जागा खरोखरच नाहीं, दोन खोल्यांत सात माणसें आहेत, किंवा ज्याच्या जाचानें मन आजारी पडलें तोच मनुष्य भिंतीपलीकडे बसलेला आहे, तेथें दुरून उपचाराचा हट्ट धरूं नये. तेथें दवाखान्यांत प्रत्यक्ष जावें. प्रवासाचा त्रास होईल. पण तेथें निदान तासभर एक खोली आपली असते. तेंहि न जमल्यास एखाद्या मैत्रिणीचें घर पाहावें. उभ्या केलेल्या मोटारींत बसूनहि लोक बोलतात, असें त्या बाईंनीं मला सांगितलें.

तेव्हां, भगिनी, माझें मत असें. आपल्या मुलीस एकदां तरी प्रत्यक्ष डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखणें दुरून बरें होण्यासारखें आहे असें ते म्हणाले, तर नोंदणी असलेला तज्ज्ञ पाहा. ती ज्या भाषेंत रडते, त्या भाषेंत बोलणारा मिळाला तर फारच उत्तम. दुरून उपचाराचा हा एक मोठा फायदा आहे कीं, परगांवीं राहणाऱ्या माणसालाहि आपल्या बोलींत बोलणारें कोणी तरी मिळूं शकतें. आणि मग आपल्या विहिणीला एक पत्र लिहा. त्यांत उपदेश नको. माझी ही गोष्ट हवी तर कळवा. त्या वाचतील. मी सासूच आहें, म्हणून खात्रीनें सांगतें.

आजच्या आज कोणाशीं तरी बोलण्याची गरज भासली, तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, आणि तेथें मराठींत बोलतां येतें. हा क्रमांक आमच्या घरीं दिनदर्शिकेच्या पाठीमागें, गॅसवाल्याच्या व दूधवाल्याच्या क्रमांकाशेजारीं, लिहून ठेवला आहे.

परवां बुधवारीं मी बाळाला मांडीवर घेऊन बसलें होतें. पांच वाजले, माडीवर कडी निघाल्याचा आवाज झाला व सूनबाई खालीं आली. डोळे लाल होते. ती येऊन माझ्याशेजारीं बसली आणि बराच वेळ मुकाट्यानें रडली. मीं कांहीं विचारलें नाहीं. जाऊबाईंनीं चहा ठेवला.